माशात जीव घालणारा जुंबे

हंगाम ऐन भरात होता, तरी त्या दुपारी किचुंगुनी गावात लवंग खुडायला एकही हात उरला नाही. झाडांवर चढलेली माणसं खाली उतरली, बायकांनी टोपल्या जिथल्या तिथे टाकल्या, आणि वाळत घातलेल्या लवंगांच्या चटया ओलांडत सगळं गाव किनाऱ्याकडे पळालं. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, नमाज नुकतीच झाली होती. बदामाच्या झाडाखाली दीड-दोनशे माणसं गोल करून उभी होती, आणि मधोमध दोन पांढऱ्या पराती मांडून जुंबे बसला होता.

हा जुंबे आमच्या बेटावरचा नव्हता. कुठून आला ते कुणी विचारलं नाही. अंगात लांब हिरवा झगा, गळ्यात शंखांची माळ, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जावा.

"ही डावी परात म्हणजे कबर," तो सांगत होता. "ही उजवी म्हणजे आईचं पोट. माझा जिन सात समुद्रांखाली राहतो. मी हाक मारली की तो इकडून जीव उचलतो आणि तिकडे ठेवतो. मी कोण? मी काहीच नाही. मी फक्त हमाल."

या हमालाच्या बोटांत चांदीच्या चार अंगठ्या होत्या, आणि त्याच्या मागे लवंगांनी भरलेले डबे रांगेने लागले होते. इलाजाचा मोबदला तो रोख घेत नसे. जिनाला पैसा आवडत नाही म्हणे, लवंग आवडते.

त्याने पुढे उभ्या असलेल्या एका बाईला गावातले जुने कोळी फाकी काका यांच्या बादलीतून एक जिवंत बोईट काढायला लावला. मासा तिच्या हातातून दोनदा निसटला, लोक हसले. मग जुंबेने एका भोपळ्यातून डाव्या परातीत दुधासारखं पांढरं पाणी ओतलं आणि मासा त्यात सोडला. मासा परातीच्या कडेने गरगर फिरला, मंदावला, एका अंगावर कलला, आणि पोट वर करून स्थिर झाला.

जुंबेने तो उचलून फाकी काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यातली साठ वर्षं होडीत गेली आहेत. माशाच्या बाबतीत गावात त्यांच्या पुढे कुणी बोलत नाही. त्यांनी मासा हलवला, डोळ्याला बोट लावून पाहिलं.

"मेला," ते म्हणाले.

मग जुंबेने तो उजव्या परातीत धरला आणि तोंडाने काहीबाही पुटपुटत पाण्यात पुढे-मागे, पुढे-मागे हलवायला लागला. लोक श्वास रोखून उभे. बऱ्याच वेळाने माशाचा कल्ला उघडला. शेपटी हलली. जुंबेने हात काढला आणि बोईट सरळ होऊन पोहायला लागला. बायकांनी जिभा हलवून लग्नात करतात तसा आवाज केला.

मी खोटं सांगणार नाही. माझ्याही अंगावर काटा आला.

माझं नाव बीकोंबो. गावच्या सहकारी भट्टीवर मी लवंगेचं तेल काढते, वीस वर्षं झाली. पाला आणि देठ भांड्यात दाबून भरायचे, खालून वाफ सोडायची. ती वाफ थंड नळीतून फिरली की शेवटी दुधाळ पाणी बाहेर येतं आणि त्या पाण्याच्या तळाशी पिवळसर तेल बसतं. खोबरेल पाण्यावर तरंगतं, तिळाचं तरंगतं. आमचं बुडतं. भट्टी बघायला पाहुणे आले की त्यांना तेलाचे गुण सांगायचं कामही माझ्याकडेच आहे. दाढ ठणकली तर कापसावर एक थेंब. गुडघे धरले तर खोबरेलात थोडंसं मिसळून मालिश. कपाटात बुरशी धरली, मुंग्या झाल्या, तर पुसायच्या पाण्यात चार थेंब. नुसतं तेल कातडीला लावू नका, भाजतं. पोरांच्या हाती देऊ नका. हे मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

आणि तरी त्या दिवशी, समोर पांढरं पाणी दिसत असताना, मला काही सुचलं नाही. मला वाटलं, नारळाचं दूध असेल.

मासा उठला आणि जुंबेपुढे रांग लागली. त्या रांगेत माझी धाकटी बहीण मिझे होती. तिची खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. जुंबेने तिच्या तोंडात बोट घातलं, दाढेवरून फिरवलं, आणि तिला एक छोटी कुपी दिली.

"सकाळ-संध्याकाळ एक थेंब. सात दिवस अंगाला लोखंड लागता कामा नये. सुई नाही, चिमटा नाही, दवाखाना नाही. लोखंड लागलं की जिन रुसतो. मग ज्याने जीव घातला, तोच काढून नेतो. मासा पाहिलास ना?"

मिझेने मासा पाहिला होता.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले तर ती कसावा खात बसली होती, हसत होती. आठवड्यात पहिल्यांदा.

"कशी आहे गं दाढ?"

"दाढ कुठे आहे तेच कळत नाही, ताई. जिभेचं टोकसुद्धा गेलंय. तोंडात लाकडाचा तुकडा फिरवल्यासारखं वाटतंय."

मी थबकले. भट्टीवर तेलकट हाताने चुकून तोंड पुसलं की माझा ओठ असाच परका होतो.

"ती कुपी दाखव."

"जुंबेबाबा म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही."

"मी दुसरी कुणी आहे का?"

तिने नाखुशीने दिली. मी पेल्यात पाणी घेतलं आणि कुपीतला एक थेंब सोडला. तो पिवळ्या मण्यासारखा सरळ तळाला गेला.

"लवंगेचं तेल आहे हे," मी म्हटलं. "वास घेऊन बघ."

"ताई, हंगाम आहे. माझ्या उशीलाही लवंगेचाच वास येतोय."

जुंबेने नेमका काळ निवडला होता. जिथे रस्ता, कपडे, केस, भात, सगळ्याला एकच वास येतो, तिथे त्या वासाची दखल कोण घेणार?

"बरं, लवंग तर लवंग," मिझे म्हणाली. "दुखणं थांबलं ना? तूच गावभर सांगत असतेस त्या तेलाचे फायदे."

"मी हेही सांगते की थेंब लावायचा आणि दवाखान्याची वाट धरायची. तो म्हणतो, दवाखान्यात जाऊच नका. फरक कळतो का तुला?"

"आणि मासा? तो काय लवंगेने उठला?"

मी कुपी तिला परत दिली, आणि तिला वाटलं की ती जिंकली.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या जबड्याखाली अंड्याएवढी सूज होती. कडक आणि गरम. अंगात ताप. तोंड एका बोटापुरतं उघडत होतं, घोट गिळताना ती मान पुढे काढत होती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता शहरात जायचं.

"दुखत तर नाहीये," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "तीनच दिवस राहिलेत."

"दुखत नाही कारण तेलाने ती जागा बधिर झालीय. आतमध्ये काय चाललंय ते तुला कळतच नाहीये."

तेव्हा तिने माझा हात धरला. तिचा हात तव्यासारखा तापला होता.

"ताई, मी त्या माशाला मेलेलं पाहिलंय. मला सुई टोचली आणि मी तशीच उताणी पडले तर? तू ठामपणे बोलतेस, पण तुला तरी कुठे माहीत आहे? तू मासा उठवून दाखव. मी मुकाट्याने गाडीत बसते. ते जमत नसेल तर मला भीती घालू नकोस. मला आधीच पुष्कळ भीती वाटतेय."

चाळिशीच्या बाईला उचलून नेता येत नाही. आणि तिचं बोलणं चूकही नव्हतं. मला माहीत नव्हतं. मी तशीच उठून किनाऱ्यावर गेले. फाकी काका होडीतलं पाणी उपसत होते.

"काका, चार बोईट द्या. जिवंत."

"कालवणाला जिवंत कशाला?"

"कालवणाला नाही. मारायचेत आणि परत उठवायचेत."

काकांनी डबा खाली ठेवला. "तुलाही जिन लागला का गं?"

"तेच बघायचंय. तुम्हीही चला."

ते आले. चेष्टा करायला आले असावेत. भट्टीवर वाफ चालू होती आणि नळीच्या तोंडातून पांढरं पाणी पडत होतं. रोजचंच पाणी. पण आज माझ्या मनात मासा होता, म्हणून ते मला पहिल्यांदा दिसलं. जुंबेच्या भोपळ्यातलं पाणी याच रंगाचं होतं.

मी परातीत समुद्राचं पाणी घेतलं, त्यात तळाचं चमचाभर तेल घुसळलं आणि पहिला बोईट सोडला. मिनिटाच्या आत तो उलटा झाला. स्वच्छ पाण्यात टाकून मी त्याला हलवत राहिले, पाव तास, बोटं सुरकुतेपर्यंत. काही नाही.

"हा आता कालवणाचाच," काका म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी मोजून सात थेंब घेतले. बाटलीत पाण्याबरोबर जोरात हलवून ते दुधाळ केले आणि परातीत ओतले. मासा फिरला, मंदावला, कलला, उलटा झाला. मी हात घालणार तोच काकांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मासा स्वतः उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"थांब. कल्ला हलतोय. अगदी जरासा."

त्यांनी तो बादलीतल्या ताज्या पाण्यात धरला, तोंड पुढे करून, पाणी कल्ल्यांतून जाईल असं. दम लागलेल्या माशाला कोळी सावरतात तसं. तीन-चार मिनिटं गेली. शेपटी हलली. मासा त्यांच्या हातातून सुटून पोहायला लागला.

काका भट्टीच्या ओट्यावर बसले.

"झोपला होता तो," ते म्हणाले. "आणि मी दोनशे माणसांसमोर मेला म्हणालो."

"कुणीही तेच म्हटलं असतं, काका."

"मी कुणीही नाही," ते म्हणाले.

तिसऱ्या माशाला मी तसंच सात थेंबांचं पाणी दिलं, पण बाहेर काढला नाही. तासभर त्यातच ठेवला. तो पुन्हा कधी उठला नाही. आता मला जुंबेचा सगळा खेळ कळला होता, आणि त्या खेळाची दुखरी जागाही.

मिझेला म्हटलं, चल, सगळ्यांसमोर मासा उठवून दाखवते, आणि त्याच दिवशी अस्रनंतर ती, मी आणि काका बदामाखाली गेलो. मिझे अंगाभोवती कांग्याचं कापड घट्ट लपेटून पुढेच बसली. सूज कानापर्यंत चढली होती. जुंबेने तिच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

कबर, आईचं पोट, हमाल, सगळं यथासांग झालं. मासा उलटा पडला. जुंबेने तो रोजच्यासारखा फाकी काकांच्या हातावर ठेवला. काका मेला म्हणाले नाहीत. त्यांनी शेजारच्या बादलीत, स्वतः आणलेल्या पाण्यात, तो सोडला आणि गुपचूप हलवायला लागले. जुंबेचा मंत्र सुरू व्हायच्या आत मासा पोहत होता.

गर्दीत कुजबुज झाली. पण जुंबे कच्चा नव्हता.

"पाहिलंत?" तो गरजला. "माझा जिन इतका दयाळू की परक्या बादलीतसुद्धा येतो."

लोकांनी माना डोलावल्या. मग मी पुढे झाले.

"बाबा, एक विनंती आहे. पुढचा मासा तुमच्या कबरीत सूर्य मावळून मगरिबची बांग होईपर्यंत राहू द्या. दोन तासांनी उठवा. मेलेल्याला दोन तासांनी काय फरक पडतो?"

जुंबे पहिल्यांदाच अडखळला. "जिनाला वेळ नसतो."

"मला तीन दिवस रांगेत बसवलंय," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याला दोन तास थांबायला काय होतं?"

लोक हसले. जुंबेचा चेहरा बदलला. त्याने माझ्याकडे बोट रोखलं.

"जिनाची परीक्षा घेतेस? सूर्य मावळायच्या आत तुझी जीभ झडेल."

मी मिझेची कुपी उघडली, बोटावर एक थेंब घेतला आणि सगळ्यांसमोर जिभेला लावला. चर्र झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग जीभ बधिर झाली.

"झडली नाही," मी जड जिभेने म्हटलं. "बधिर झाली. भट्टीवर रोज होते. तुमच्या घराघरात जी लवंग वाळतेय, तिचंच हे तेल. तुमच्या डब्यांतली लवंग घेऊन हा तुम्हाला लवंगच देतोय."

मग मी माझी परात मांडली. बाटलीत सात थेंब, पाणी, जोरात हलवलं, पांढरं झालं. चौथा बोईट सोडला. तो उलटा पडला तेव्हा मी तो रांगेतल्या लोकांच्या हातांवरून फिरवून आणला, झटपट. मग बादलीत धरला, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मंत्र नाही, नाव नाही, शब्द नाही. बांधावर आपटणाऱ्या लाटांचा तेवढा आवाज येत होता. मासा उठायला जो वेळ लागला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ. सारखं वाटत होतं, थेंब जास्त पडला असेल तर?

शेपटी हलली.

मिझे वाकून बादलीत बघत होती. ती हळूच उठली.

"ताई, गाडी बघ," ती म्हणाली.

आम्ही निघाल्यावर मागे काय झालं ते मला नंतर काकांकडून कळलं. काही तरुण जुंबेला मारायला धावले होते, काकांनी मध्ये उभं राहून मारू दिलं नाही. लवंगांचे डबे ज्याचे त्याला परत मिळाले. जुंबे पराती उचलून निघून गेला. आणि हेही सांगायला हवं की दहा-पंधरा माणसं त्याच्या मागोमाग पुढच्या गावापर्यंत गेली. त्यांचं म्हणणं, बाईने जिनाला नाराज केलं, पण बाबा खरा आहे.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर रुकिया होत्या. त्यांनी मिझेच्या जबड्याखाली चीर देऊन वाटीभर पू काढला, दाढ उपटली, शिरेतून औषध लावलं. मिझे अकरा दिवस तिथे होती. जबड्याखाली आता बोटभर लांबीचा व्रण आहे, तो ती झाकत नाही.

"आणखी एखादा दिवस गेला असता तर सुजेने श्वास बंद केला असता," रुकिया मला म्हणाल्या.

मला अपराध्यासारखं वाटत होतं. "आमचंच तेल होतं ते, डॉक्टर."

"तेलाला दोष नका देऊ. दाढेत तात्पुरतं भरायला आम्ही जे मिश्रण वापरतो, त्यात लवंगेचाच अर्क असतो. थेंबभर तेलाने माणूस इथवर रडत न येता पोचतो. पण ते दुखणं झाकतं. आतली घाण ते काढू शकत नाही. एवढंच जो लोकांपासून लपवत होता, त्याला तुम्ही अडवलंत."

तेव्हापासून मी आणि फाकी काका परात, बादली आणि बाटली घेऊन गावोगाव जातो. भर दुपारी, उघड्यावर. जुंबे जिथे गेला तिथे मागोमाग आम्ही. दोनदा आमच्या अंगावर चिखल आला. एका गावी आम्हाला बोलूच दिलं नाही, तर आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो.

पण खरी धास्ती मला चिखलाची वाटली नाही. एका गावात खेळ संपल्यावर एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन माझ्यापुढे आली. पोराला ताप होता. तिने त्याला माझ्यापुढे धरलं.

"बाई, तुझ्या हातात त्या बाबापेक्षा जास्त शक्ती आहे. याच्या डोक्यावर हात ठेव."

तिने सगळं ऐकलं होतं. थेंब, पाणी, कल्ले, सगळं. आणि त्यातून तिने फक्त बाबा बदलला होता. मी दोन्ही हात मागे घेतले.

"आजी, पोराला आधी यांच्याकडे द्या," मी शेजारच्या बाईकडे बोट दाखवलं, "आणि बाह्या वर करा."

"कशाला?"

"मासा तुम्ही उठवायचा."

ती नाही-नाही म्हणत होती. मी बाटली तिच्या हातात दिली. थेंब तिने मोजले, बाटली तिने हलवली, मासा तिने सोडला. उलटा पडल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात लावला नाही. तिने तो बादलीत धरला, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि मासा तिच्या सुरकुतलेल्या बोटांमधून निघून गेला तेव्हा ती कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"आता सांगा," मी म्हटलं, "कुणाच्या हातात शक्ती आहे?"

"कुणाच्याच नाही," ती हळूच म्हणाली. "बाटलीत औषध आहे."

"मग तापाचं औषध कुठे मिळतं?"

तिने नातवाला परत कडेवर घेतलं आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता कुठला म्हणून फाकी काकांना विचारायला लागली.

माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कुणी तुमच्यासमोर मेलेलं उठवलं, तर पाया पडण्याआधी विचारा, पाण्यात काय आहे? थोडा वेळ थांबून उठवता का? मला स्वतःला करून बघू देता का? जे खरं असेल ते तुमच्या हातूनही होईल. जो तुम्हाला हात लावू देत नाही, प्रश्न विचारू देत नाही आणि वर दवाखान्यात जाऊ देत नाही, त्याच्यापुढची रांग सोडून चालायला लागा. तुमच्यामागे आणखी चारजण चालायला लागतील.